स्पीकर कपाटावरून खाली उतरवावेत

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

विषय : घरातील स्पीकरची उंची आणि जागा

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाणखान्याच्या सजावटीवर अलीकडे आलेला सचित्र लेख मी आवडीने वाचला. रंगसंगती, पडदे आणि उजेड यांविषयी त्यात जे सांगितले आहे, त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु स्पीकर छताजवळच्या कोपऱ्यात बसवावेत, म्हणजे जमीन मोकळी राहते आणि आवाज खोलीभर सारखा पसरतो, असे एक वाक्य त्यात जाता जाता येऊन गेले आहे. त्या वाक्याच्या भरवशावर कोणी भिंतीला भोके पाडण्याआधी हे पत्र आपण छापावे, अशी विनंती आहे. मी भौतिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. ध्वनीचा धडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवला आणि तरीही माझ्या स्वतःच्या घरातील स्पीकर अकरा वर्षे कपाटाच्या माथ्यावर होते, तेव्हा पुढील मजकूर हा माझा कबुलीजबाबच समजावा.

ते कपाट जवळजवळ दोन मीटर उंच होते. स्पीकर तिथे ठेवण्याचे कारण एवढेच, की तिथे जागा रिकामी होती आणि झाडताना ते मध्ये येत नव्हते. पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी तक्रार केली होती, की गाण्याची चाल कळते, शब्द कळत नाहीत. त्यांचे वय पाहता आम्ही ती तक्रार त्यांच्या कानांच्या खात्यावर मांडली. त्यांची श्रवणचाचणी झाली, तीत वयोमानाप्रमाणे जे निघायचे ते निघाले, आणि विषय मिटला असे आम्ही मानले. काही वर्षांनी मलाही शब्द अस्पष्ट वाटू लागले, तेव्हा मी अॅम्प्लिफायर बदलला. त्याने आवाज मोठा झाला, स्पष्ट झाला नाही. पुढे त्या भिंतीत ओल आली, कपाट हलवावे लागले आणि स्पीकर तात्पुरते दोन उंच स्टुलांवर ठेवले गेले. त्या संध्याकाळी नेहमीचीच ध्वनिमुद्रिका लावली असता सासूबाई म्हणाल्या, "आज बाई समोर बसून गातेय, रोज माळ्यावर बसून गायची." त्यांचे कान तेच होते, यंत्रे तीच होती, खोलीही तीच होती, बदलली होती ती फक्त सव्वा मीटरची उंची.

असे का झाले, हे मी दुसऱ्या दिवशी कागदावर मांडून पाहिले. घरगुती स्पीकरच्या पेटीत बहुधा दोन ध्वनिपटल असतात. मोठा, म्हणजे वूफर, खालचे आणि मधले स्वर सांभाळतो. लहान, म्हणजे ट्वीटर, वरचे स्वर सांभाळतो. यांच्यातील सीमा बऱ्याच स्पीकरमध्ये दोन ते तीन हजार हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) दरम्यान असते, आणि ही सीमा म्हणजे काही भिंत नव्हे. सीमेजवळच्या स्वरांत दोघेही एकाच वेळी गात असतात. त्यांनी सुरात सूर मिळवावा यासाठी ऐकणाऱ्याच्या कानापासून दोघांचे अंतर जवळजवळ सारखे असावे लागते, आणि स्पीकर बनवणारा अभियंता कान ट्वीटरच्या पातळीत किंवा त्याच्या किंचित खाली आहे असे बहुतेक वेळा गृहीत धरूनच सगळी जुळणी करतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणून २५०० हर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेचौदा सेंटीमीटर भरते. माझ्या पेटीतील दोन पटलांच्या केंद्रांत १५ सेंटीमीटर अंतर आहे. मी अडीच मीटरवर बसत असे आणि स्पीकर माझ्या कानापेक्षा सुमारे १२० सेंटीमीटर वर होते. भूमितीने हिशेब केला, तर माझ्या कानापासून वूफर आणि ट्वीटर यांच्या अंतरांत साडेसहा सेंटीमीटरचा फरक पडत होता, म्हणजे जवळजवळ अर्धी लाट. एकाचा फुगवटा तेव्हा दुसऱ्याचा खळगा, अशी ती गाठ पडत होती आणि दोघे मिळून एकमेकांना खोडून काढत होते.

आता ज्या पट्ट्यात ही खोडाखोड होत होती तो पट्टा कोणता, तेही पाहावे. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि क, ट, त, प यांसारख्या व्यंजनांचा जो ठसका आपल्याला एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा ओळखू देतो, त्याचा मोठा भाग याच पट्ट्यात असतो. स्वर खाली राहतात, म्हणून चाल शाबूत राहते. व्यंजने पुसली जातात, म्हणून शब्द हरवतात. सासूबाईंनी अकरा वर्षांपूर्वी नेमके हेच सांगितले होते, आणि मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊनही ते ऐकले नव्हते. वर आणखी असे, की पटलाच्या आकारापेक्षा लाट आखूड झाली की ध्वनी चहूकडे पसरण्याऐवजी झोतासारखा सरळ समोर जाऊ लागतो. अडीच सेंटीमीटरच्या ट्वीटरला हे दहा हजार हर्ट्झच्या पुढे जाणवू लागते. म्हणजे माझ्या ट्वीटरचा जो सर्वांत नाजूक भाग होता, तो समोरच्या भिंतीच्या वरच्या अंगावर जाऊन आदळत होता आणि तिथे त्याला ऐकायला कोणी नव्हते.

यावरून आपल्या लेखातील दुसऱ्या गैरसमजाकडे वळते. आवाज उंचावरून सोडला की खाली सर्वत्र सारखा पडतो, ही कल्पना बहुधा पाण्याच्या टाकीवरून सुचलेली असावी. ध्वनीला गुरुत्वाकर्षणाशी कर्तव्य नसते. सार्वजनिक सभागृहात कर्णे उंच लावतात, त्याचे कारण वेगळे आहे : पुढच्या रांगेतील डोक्यांनी मागच्यांचा आवाज अडवू नये आणि पुढच्या व मागच्या श्रोत्यांच्या अंतरातील तफावत कमी व्हावी, हे तिथले हेतू असतात, आणि ते कर्णे खाली झुकवलेलेही असतात. चार माणसांच्या खोलीत यांपैकी एकही अडचण नसते. छताजवळ ठेवलेल्या स्पीकरचा ध्वनी उलट छतावरून लगेच परतून मूळ ध्वनीत मिसळतो आणि काही स्वर वाढवून, काही घटवून त्याचा पोत बिघडवतो. काम करता करता पार्श्वभूमीला काहीतरी वाजत राहावे एवढीच अपेक्षा असेल, तर मात्र छताजवळचे स्पीकर चालतील. तशा ऐकण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बसून ऐकणाऱ्यालाही तीच जागा सुचवण्याला.

तेव्हा उंची ठरवायची ती टेप घेऊन, आणि मोजायचे ते भिंतीवर नव्हे, माणसावर. ज्या आसनावर बसून आपण खरोखर ऐकतो, त्यावर नेहमीसारखे, म्हणजे पाठ टेकून आणि थोडे घसरूनच, बसावे आणि दुसऱ्याकडून जमिनीपासून कानाच्या छिद्रापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. खोल सोफ्यावर ते साधारण ९० ते १०० सेंटीमीटर भरते, ताठ खुर्चीवर ११० ते १२०, आणि जमिनीवर मांडी घालून बसल्यास त्याहून बरेच खाली, पाऊण मीटरच्या आसपास. ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक खोल्यांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जी शिफारस केली आहे तीत ही उंची १.२ मीटर धरली आहे, पण ती खुर्चीत ताठ बसून काम करणाऱ्यांसाठी आहे. घरी ती जशीच्या तशी उचलली तर स्पीकर पुन्हा डोक्यावरून गाऊ लागतील. कानाच्या उंचीतून पेटीच्या तळापासून ट्वीटरपर्यंतचे अंतर वजा केले, की स्टँडची उंची मिळते. कान ९५ सेंटीमीटरवर आणि ट्वीटर तळापासून २५ सेंटीमीटरवर असेल, तर स्टँड ७० सेंटीमीटरचा हवा. पाच-सात सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही, कारण अडीच मीटरवरून तेवढ्याने कोन जेमतेम दीड अंशाने बदलतो. जितके जवळ बसाल तितकी ही सूट कमी होत जाते. संगणकाच्या टेबलावर हाताच्या अंतरावर ठेवलेल्या स्पीकरला तेच पाच सेंटीमीटर फार होतात. तिथे पेटीची पुढची कड उचलून ती कानाकडे वर तोंड करील अशी ठेवावी.

स्टँड घेणे शक्य नसेल, तर झुकवण्याची युक्ती सर्वत्र उपयोगी पडते. महत्त्व उंचीला आहे ते कोनामुळे आहे, म्हणून पेटी जितकी खाली असेल तितकी मागे झुकवावी आणि जितकी वर असेल तितकी पुढे. ट्वीटरकडे आसनावरून पाहिले असता पेटीचा वरचा किंवा खालचा पृष्ठभाग दिसू नये, फक्त तोंड दिसावे, एवढी साधी कसोटी पुरते. काही कारणाने, म्हणजे घरात रांगते मूल आहे किंवा खोली फारच चिंचोळी आहे म्हणून, स्पीकर वर बसवणे भागच असेल, तर पेटी उलटी करून टांगावी. ट्वीटर खाली येतो, कानाच्या वीस सेंटीमीटर जवळ सरकतो, आणि पुढे झुकवल्यावर बराचसा तोटा भरून निघतो. उलट्या अक्षरांतील नाव दिसायला वाईट दिसते हे खरे, पण ते जाळीसह बहुधा काढता येते.

पेटी आडवी करून फळीवर निजवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती मात्र उंचीच्या चुकीपेक्षाही वाईट आहे. उभ्या पेटीत वूफर आणि ट्वीटर एकाखाली एक असतात, त्यामुळे वर-खाली हलल्यास त्यांची जुळणी मोडते, पण डावी-उजवीकडे सरकल्यास मोडत नाही. माणसे सोफ्यावर डावी-उजवीकडे बसतात, एकाच्या डोक्यावर दुसरा बसत नाही. पेटी आडवी केली की ही सगळी सोय उलटते, आणि मधल्या माणसाला एक आवाज तर कडेच्याला दुसराच ऐकू येतो. लहान स्पीकरना बाजारात बुकशेल्फ म्हणतात, आणि या नावाने जेवढे नुकसान केले आहे तेवढे कोणा सुताराने केले नसेल. पुस्तकांच्या फळीवर, दोन्हीकडून पुस्तकांनी दाबून, मागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या पेटीतील गाणे ओल्या घोंगडीतून आल्यासारखे ऐकू येते. फळीच वापरायची असेल, तर पेटी निदान फळीच्या पुढच्या कडेला आणावी, म्हणजे फळीचा पृष्ठभाग तिच्या तोंडापुढे आरशासारखा पसरलेला राहणार नाही.

उंचीइतकेच, आणि खर्जाच्या बाबतीत तर त्याहून अधिक, महत्त्व मागच्या भिंतीला आहे. वरचे स्वर झोतासारखे पुढे जातात, पण खालच्या स्वरांच्या लाटा पेटीपेक्षा कितीतरी लांब असतात. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची असते, आणि तिला पेटीचे तोंड कोठे आहे याचा पत्ताही नसतो. ती सर्व बाजूंनी सारखी पसरते, मागच्या भिंतीवर आपटून परत येते आणि पुढे निघालेल्या लाटेत मिसळते. पेटीच्या तोंडापासून भिंतीपर्यंतचे अंतर लाटेच्या एक चतुर्थांशाइतके असेल, तर जाऊन-येऊन अर्ध्या लाटेचा उशीर होतो आणि तो स्वर खोडला जातो. अंतर ५० सेंटीमीटर असल्यास हा खड्डा १७० हर्ट्झजवळ पडतो, एक मीटर असल्यास ८६ हर्ट्झजवळ. पुरुष गायकाच्या आवाजाची भरदारी आणि डग्ग्याची घुमक यांचे बरेचसे घर याच टापूत आहे, म्हणून भिंतीपासूनचे अंतर अर्ध्या हाताने बदलले की एकाच गायकाचा आवाज कधी छातीतून तर कधी गळ्यातून आल्यासारखा वाटतो. पेटी भिंतीला अगदी टेकवली तर खड्डा वर सरकतो, पण खर्ज फुगतो. प्रत्येक जवळच्या पृष्ठभागागणिक खालच्या स्वरांना तत्त्वतः सहा डेसिबलपर्यंत जोर मिळतो, आणि कोपऱ्यात तर दोन भिंती आणि जमीन किंवा छत असे तीन पृष्ठभाग एकदमच येतात. सजावटीच्या लेखातील कोपरा याही कारणाने मला खटकला. पहिल्या दिवशी तो घुमारा दमदार वाटतो, आठवड्याभरात डोके दुखते.

या विषयावर रॉय अॅलिसन या अमेरिकी अभियंत्याने १९७४ मध्ये लिहिलेला शोधनिबंध आजही वाचण्यासारखा आहे. खोलीच्या पृष्ठभागांमुळे स्पीकरच्या खालच्या स्वरांची शक्ती कशी बदलते, हे त्याने मोजून दाखवले, आणि त्यातून घरी वापरता येईल असा एक नियम निघतो : वूफरपासून जमीन, मागची भिंत आणि बाजूची भिंत ही तिन्ही अंतरे सारखी असू नयेत. सारखी असली, तर तिन्हींचे खड्डे एकाच टापूत एकावर एक पडतात आणि तिथला स्वर नाहीसाच होतो. वेगवेगळी असली, तर तीन उथळ खळगे निरनिराळ्या जागी पडतात आणि कानाला ते फारसे जाणवत नाहीत. माझ्या घरी आज ही अंतरे अनुक्रमे ५५, ८० आणि १२० सेंटीमीटर आहेत. ती सुंदर दिसतात असे मी म्हणणार नाही. पाहुणे विचारतात, की स्पीकर भिंतीपासून एवढे पुढे का आणून ठेवले आहेत, आणि मी त्यांना उत्तर देण्याऐवजी बसायला सांगते.

स्पीकर कितीही नीट ठेवले, तरी माणूस चुकीच्या जागी बसला तर सगळे वाया जाते, हे सांगायला मी नेहमी विसरते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठराविक स्वर अडकून घुमतात. खोली पाच मीटर लांब असेल तर पहिला असा स्वर ३४ हर्ट्झच्या आसपास येतो, तीन मीटर उंच छत असेल तर त्याचा ५७ हर्ट्झजवळ. असा पहिला स्वर भिंतीजवळ सर्वांत मोठा आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकवून बसणाऱ्याला खर्ज उतू गेलेला ऐकू येतो आणि खोलीच्या अगदी मधोमध बसणाऱ्याला तो कोरडा वाटतो. दोघेही स्पीकरलाच दोष देतात. भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर बसावे, असा एक आडाखा जाणकारांत प्रचलित आहे. त्याला धर्मवाक्य मानू नये, पण सुरुवात तिथून करायला हरकत नाही. तेवढी जागा नसेल, तर सोफा अर्धा मीटर जरी पुढे ओढला तरी फरक पडतो, कारण डोक्यामागच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनीही तेवढाच दूर जातो.

दोन स्पीकरमधील अंतराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते बहुतेकांना ठाऊक असते. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून या विद्येचा पाया एकच आहे : दोन ठिकाणांहून आलेल्या ध्वनींवरून मेंदू तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे दोघांच्या मध्ये, गायक उभा करतो. त्यासाठी दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर दोन मीटर अंतरावर असतील तर श्रोताही प्रत्येकापासून दोन मीटरवर, म्हणजे प्रत्येक स्पीकर समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर. हा मधला गायक मोठा हळवा असतो. एक स्पीकर केवळ ३० सेंटीमीटर जवळ असला, तर त्याचा आवाज एका मिलिसेकंदाच्या जवळपास आधी पोहोचतो, आणि आपला मेंदू आधी आलेल्या ध्वनीची दिशा खरी मानत असल्यामुळे गायक उठून त्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये या स्वभावाचा अभ्यास केला, म्हणून त्याला 'हास परिणाम' असे नाव मिळाले आहे. बेल प्रयोगशाळेने १९३३ मध्ये फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा तीन वाहिन्या वापरल्या होत्या, त्यामुळे मध्यासाठी तिथे खराच ध्वनिक्षेपक होता. आपण घरी दोनांवर भागवतो, तेव्हा टेपने दोन्ही अंतरे सेंटीमीटरपर्यंत जुळवण्याचा कंटाळा करू नये.

स्पीकरची तोंडे किती आत वळवावीत, हा खरे तर आवडीचा प्रश्न आहे. सरळ समोर ठेवल्यास ध्वनीचा पट रुंद होतो आणि मधला गायक पुसट. थेट कानांवर रोखल्यास गायक टोकदार आणि पट अरुंद. मी दोन्ही तोंडांपासून सरळ निघणाऱ्या रेषा डोक्यामागे सुमारे हातभर अंतरावर एकमेकींना छेदतील इतपत वळवते. बाजूच्या भिंतींवरून येणाऱ्या पहिल्या परावर्तनाविषयी तर तज्ज्ञांतच एकमत नाही. कोणी ते शोषून घ्या म्हणतात, तर डोळे झाकून केलेल्या श्रवणचाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेले कॅनडातील संशोधक फ्लॉइड टूल यांचे म्हणणे असे, की स्पीकर बाजूलाही चांगला गात असेल तर हे परावर्तन बहुतेक श्रोत्यांना सुखावते. मला टूल यांचे पटते. ज्यांना शंका असेल त्यांनी कोणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावा. आसनावरून आरशात ज्या जागी स्पीकर दिसेल, तिथे जाड पडदा लावून आणि काढून, दोन्ही ऐकून पाहावे.

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारी वेगळी पेटी, ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी एक गमतीची पण खरी रीत आहे. ८० हर्ट्झच्या खालच्या ध्वनीची दिशा कानाला जवळजवळ कळत नाही, त्यामुळे त्याची जागा दिसण्यावरून ठरवण्याचे कारण नाही. सबवूफर उचलून आपल्या आसनावर ठेवावा, संथ खर्जाचे काहीतरी लावावे आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीच्या कडेने फिरावे. जिथे खर्जाचा प्रत्येक स्वर सारख्या वजनाने ऐकू येईल, एकही फुगणार नाही किंवा बुडणार नाही, ती सबवूफरची जागा. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, म्हणून ही अदलाबदल चालते. मी हे केले तेव्हा घरातील मुलांनी चित्रफीत काढली होती. ती मी कोणाला पाठवू दिलेली नाही.

आजकाल मायक्रोफोन लावून खोलीचा दोष आपोआप सुधारणारी यंत्रे येतात, तेव्हा जागेची एवढी चिकित्सा कशाला, असे आपले वाचक विचारतील. ही यंत्रे फुगलेला स्वर दाबण्यात तरबेज असतात आणि तेवढ्यापुरती ती अवश्य वापरावीत. परंतु खोडला गेलेला स्वर त्यांना परत आणता येत नाही. भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला खोडत असेल, तर मूळ लाट मोठी केल्यावर परतणारीही तेवढीच मोठी होते. दहा डेसिबलचा खड्डा भरायला दहापट वीज ओतावी लागते. अॅम्प्लिफायर तापतो, पटल धापा टाकते, खड्डा तसाच राहतो. तोच खड्डा स्टँड वीस सेंटीमीटर पुढे ओढून दुसऱ्या जागी हलवता येतो, आणि त्याला वीज लागत नाही.

जागा हलवण्यापूर्वी मात्र एक गोष्ट तपासून घ्यावी, कारण तिने मला स्वतःला एक पूर्ण रविवार चकवले होते. दोन्ही स्पीकरच्या तारांची लाल-काळी टोके सारखीच जोडलेली हवीत. एकाची उलट जोडली गेली, तर एक पटल पुढे येताना दुसरे मागे जाते, खर्ज पातळ होतो आणि मधला गायक खोलीभर विरघळून जातो. अशा वेळी उंची आणि अंतर कितीही बदलले तरी हाती काही लागत नाही. बातम्या वाचणाऱ्याचा एकच आवाज दोन्हींवर लावावा. तो दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका बिंदूतून आला पाहिजे.

आता मूळ लेखाकडे परत येते. माझा आक्षेप लेखिकेच्या अभिरुचीवर नाही, कामाच्या क्रमावर आहे. घराची सजावट करताना आधी भिंतीतल्या वाहिन्या ठरतात, मग कपाटे आणि टीव्हीची फळी, मग आसने, आणि जी जागा उरेल ती स्पीकरला मिळते. भिंतीत तारेचे तोंड एकदा छताजवळ काढले, की पुढे दहा वर्षे स्पीकर तिथून हलत नाही, कारण लोंबणारी तार कोणालाच नको असते. हा क्रम उलटा करण्यास एक पैसाही अधिक लागत नाही. आसन कोठे येणार ते आधी ठरवावे, त्यावर बसून कानाची उंची मोजावी, आणि स्पीकरच्या तारेचे तोंड त्याहून खाली, स्टँडच्या मागे झाकले जाईल असे काढायला सांगावे. टीव्हीखालच्या बंद खणात संवादांसाठीचा मधला स्पीकर बसवणार असाल, तर तो खणाच्या तोंडाशी आणून किंचित वर झुकवता येईल एवढी जागा सुताराकडून राखून घ्यावी. जाड दारामागे तो स्पीकर राहिला तर संवाद पुन्हा पुटपुटल्यासारखे ऐकू येतील आणि आवाज वाढवून घर दणाणेल.

लेखासोबतच्या दुसऱ्या छायाचित्रात डावा स्पीकर एका मोठ्या कुंडीच्या पानांआड आहे आणि उजवा फळीवर आडवा निजवलेला आहे. ते घर खरोखर कोणाचे असेल, तर तेवढी कुंडी बाजूला करून उजवी पेटी उभी करण्याचा निरोप आपल्या लेखिकेमार्फत त्यांना पोहोचवावा, ही विनंती. फळीची उंची छायाचित्रावरून बरोबर वाटते.

आपली नम्र,
एक नियमित वाचक